नुरा नव्हती

रंकाळ्याला फेरी मारून हंबीरराव पोवार चहाच्या गाड्याशी आले, तेव्हा तात्यासो मगदूम मोबाइल नाकाला लावून बसले होते. तात्यासो त्यांचे फिरण्यातले सोबती. गुळाचा व्यापार पोरांच्या हाती देऊन मोकळे झालेले, आणि जगात काय चाललंय ते आधी आपल्याला कळलं पाहिजे असा हट्ट असलेले.

"मास्तर, हे बघितलासा काय? तुमच्या राजवीरची पार इज्जत गेली की वो."

हंबीररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मोबाइलच्या पडद्यावर कुठल्याशा टीव्हीच्या कार्यक्रमाचं झगमगतं स्टेज होतं. मधोमध राजवीर इंगळे उभा. पोस्टरवर लाथा मारताना अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलेला हिरो. कार्यक्रमातलं एक पोरगं डोक्यावर मोसंबं ठेवून त्याच्यासमोर उभं राहिलं आणि सूत्रसंचालक ओरडला, "ब्लॅक बेल्ट राजवीर! उडवा ते मोसंबं!" लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. राजवीरने पवित्रा घेतला. पाय उचलला. कमरेपर्यंत आलेला पाय तिथंच थांबला, थरथरला आणि खाली आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने हात जोडले आणि तो स्टेजवरून निघून गेला. मागं हशा ऐकू येत होता.

"आता ह्याच्यापुढचं ऐका," तात्यासो म्हणाले. "त्याच्या बदली पिच्चरमध्ये उड्या मारणारा जो डुप्लिकेट हाय, त्यानं सांगितलंय, उंच लाथ मारायची म्हटली की साहेब मला पुढं करतात, सोता कमरेच्या वर पायच उचलत न्हाईत. सगळीकडं बोगस ब्लॅक बेल्ट म्हणून बोंब चाललीया." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पट्टा तुमीच दिलता न्हवं? खरं सांगा, कमावलेला हाय, का आपलं...?"

हंबीररावांनी अर्धा कप तसाच ठेवला. "चलतो तात्यासो. ऊन व्हायला लागलं."

ऊन काही झालं नव्हतं. तात्यासो बघत राहिले.

कोल्हापुरात कराटे शिकवायचं म्हणजे देवळासमोर दुसरा देव मांडायचा. हंबीररावांनी तो उद्योग बावीस-तेवीस वर्षं केला. ऐन तारुण्यात पुण्याला नोकरीत असताना एका गुरूकडे ते शिकले, पुढे शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर झाले, आणि रोज संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये चटया टाकून पोरं घडवू लागले. तालमीतले जुने पैलवान रस्त्यात अडवून विचारायचे, "हंबीरा, लाल माती सोडून हवेत लाथा कशापायी झाडतोस रं?" हंबीरराव हसून म्हणायचे, "झाडतो, पण आमच्यात नुरा न्हाय बघा." आधीच ठरवून केलेल्या लुटुपुटूच्या कुस्तीला नुरा म्हणतात, आणि पैलवानाला त्याच्याइतकी जिव्हारी लागणारी शिवी दुसरी नाही.

आणि खरंच नव्हती. बाकी ठिकाणी सहा महिन्यांत रंगीत पट्टे वाटत असत, इथं पोराला पुढचा पट्टा बघायला वर्ष-वर्ष लागायचं. काळ्या पट्ट्याच्या परीक्षेला तर एकामागून एक ताजा गडी समोर यायचा. तोंडावर बुक्की मारायची नाही, बाकी सगळं चालेल. शेवटपर्यंत जो उभा राहील त्याला पट्टा. शेवटचा गडी म्हणून समोर यायचा तो अमरसिंह.

अमरसिंह म्हणजे हंबीररावांचा एकुलता एक मुलगा. उंचापुरा, बोलायला मोकळा, खायला दांडगा. बापाच्या हाताखाली चटईवर वाढला आणि एकविसाव्या वर्षी बापाइतकाच तयार झाला. परीक्षेला बसलेलं पोरगं शेवटी अमरसमोर आलं की दमलेल्या बैलासारखं खाली बसायचं. अमर त्याला उचलायचा, पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी ये गड्या, मी कुठं जातोय?"

राजवीर तेव्हा एकोणीस वर्षांचं किडकिडीत पोर. राहायला जयसिंगपूरला. बाप लहानपणीच गेलेला, आई बालवाडीत शिक्षिका. कॉलेजसाठी रोज रेल्वेने कोल्हापूरला यायचा आणि संध्याकाळी क्लास करून शेवटच्या गाडीने परत जायचा. मधल्या वेळेत उपाशी राहतो हे शालूबाईंच्या, म्हणजे हंबीररावांच्या मंडळींच्या, ध्यानात आलं, तेव्हापासून त्याचं ताट पोवारांच्या घरी मांडलं जाऊ लागलं. अमर आणि तो शेजारी शेजारी बसायचे. कुणाच्या भाकऱ्या जास्त होतात यावर भांडायचे. शालूबाई तव्यावरून म्हणायच्या, "खावा रं बाबांनू, भाकरी काय पळून जात न्हाय."

परीक्षेचा दिवस रविवार होता. एकामागून एक गडी अंगावर घेऊन राजवीर पार थकला होता. ओठ फुटलेला, एक मांडी सुजून काळीनिळी झालेली. शेवटी अमर समोर आला. बापाने आधीच बजावलं होतं, सैल सोडायचं नाही. अमरनेही सोडलं नाही. दोनदा त्याने राजवीरला भिंतीपर्यंत रेटलं. पोरं ओरडत होती, "राज्या, पड खाली, जीव वाचव!" राजवीर पडला नाही. आणि मग कुठून त्याला बळ आलं देव जाणे, अमर पुढं घुसत असताना त्याचा उजवा पाय वर गेला आणि अमरच्या कानशिलावर बसला. लाथ अशी स्वच्छ होती की हंबीररावांच्या तोंडून आपसूक "वा!" गेलं.

अमर पडला. लगेच उठला. राजवीरला वाकून नमस्कार केला, हसला. हंबीररावांनी राजवीरच्या कमरेला काळा पट्टा बांधला आणि अमरनेच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी गेल्यावर अमर डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला. सकाळी हाका मारल्या तर उठला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याच्या आत रक्त साकळलं होतं. वरून काही दिसत नाही, माणूस तासन् तास चालतो-बोलतो आणि मग संपतो. पोलिसांनी विचारलं तेव्हा हंबीररावांनी सांगितलं, खेळात झालं, कुणाविरुद्ध तक्रार नाही. स्मशानातून परतल्यावर त्यांनी क्लासच्या पोरांना शाळेच्या दारात गोळा केलं आणि एवढंच म्हटलं, "राजवीरचं नाव कुणी घ्यायचं न्हाय. अमर गेला. त्या पोराचं अजून सगळं व्हायचं हाय." पोरांनी शब्द पाळला. क्लास त्या दिवशी बंद झाला.

तेराव्याला राजवीर आईला घेऊन आला होता. शालूबाईंनी उंबऱ्यातूनच दार लावून घेतलं. दाराआडून त्या हंबीररावांना म्हणाल्या, "तुमी त्याला पट्टा बांधला. ज्या हातानं बांधला त्याच हातानं माझ्या पोराला अग्नी दिला. आता ह्या घरात ह्यातलं कायबी बोलायचं न्हाय."

तेव्हापासून त्या घरात ना राजवीरचं नाव निघालं, ना अमरचं. पंधरा-सोळा वर्षं दोघं एकमेकांशी भाजी, दूध, लाइटबिल, पाहुणेरावळे एवढ्यावर बोलत आली होती. राजवीर हिरो झाला, रस्त्यावर त्याचे फलक लागले. तो फलक दिसला की शालूबाई पदर डोक्यावर ओढून घेत आणि दुसऱ्या बाजूने चालू लागत.

क्लिप फिरायला लागून आठवडा झाला नसेल, तोच एका ऑनलाइन वाहिनीची बातमीदार पत्ता काढत दारात आली. वर्षाराणी तिचं नाव. इथलीच, गारगोटीकडची, तिशीच्या आतली. मागं कॅमेरा घेतलेला एक माणूस. "सर, तुम्ही राजवीरचे गुरू. एका वाक्यात सांगा, बेल्ट खरा का खोटा?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबलेला हंबीररावांनी ऐकला.

"मला कायबी बोलायचं न्हाय," ते म्हणाले.

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. तुमच्या एका शब्दावर त्याचं सगळं अडकलंय सर. तोही गप्प, तुम्हीही गप्प. लोक काय समजायचं ते समजतील."

"समजू देत," म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

लोकांना समजायचं तेच समजलं. गुरूनेही तोंड फिरवलं, अशी बातमी झाली. राजवीरच्या प्रमाणपत्राचा फोटो कुणीतरी टाकला, तर खाली लोकांनी लिहिलं की असले कागद शंभरदा छापून मिळतात. एका जाहिरातीतून त्याला काढलं. त्याच्यासाठी लिहिलेला सिनेमा दुसऱ्याकडे गेल्याची बातमीही पेपरात आली. रंकाळ्यावर पोरं एकमेकांना अर्धवट लाथ दाखवून "राजवीर!" म्हणून खिदळत होती. हंबीरराव त्यांच्या बाजूने मान खाली घालून गेले. आपणच एकदा या पोराला वाचवायला सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलं, आणि आता तेच कुलूप त्याच्या गळ्याला फास लावतंय, हे त्यांना कळत होतं. पण कुलूप काढायचं तर त्याखाली अमर होता. आणि अमर एकट्या त्यांचा नव्हता.

एका दुपारी दार वाजलं. बाहेर टोपी डोळ्यांवर ओढलेला माणूस. लांब कुठंतरी गाडी लावून गल्लीतून चालत आलेला. टोपी काढल्यावर हंबीररावांनी ओळखलं. कानाजवळ केस पांढरे झाले होते. पडद्यावर ते दिसत नसत.

राजवीर पाया पडला आणि तसाच खाली सतरंजीवर बसला, विद्यार्थी बसायचा तसा. स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा हलला आणि स्थिर झाला.

"सर, तुम्ही काही बोलला नाहीत ते बरं केलं. तेवढंच सांगायला आलो."

"बरं केलं? अरं, नागवा केला तुला लोकांनी."

"करू देत. खोटा म्हणतात ना, म्हणू देत. खरा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, कुणाला हरवलंस, कसं हरवलंस." त्याने पडद्याकडे पाहिलं नाही, पण आवाज खाली घेतला. "ते मला कुणाला सांगायचं नाही. सगळं गेलं तरी चालेल."

हंबीररावांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "त्या स्टेजवर काय झालं रं?"

"पाय वर जात नाही सर. त्या दिवसापासून कधी गेलाच नाही. वाळूच्या पिशवीला मारतो, फळीला मारतो, पण समोर डोकं दिसलं की..." तो थांबला. शहरी वळणाची त्याची भाषा सुटली आणि आतली बोली बाहेर आली. "ते पोरगं मोसंबं घिऊन हसत उभं व्हतं. अमरदादा उठल्यावर हसला व्हता न्हवं, तसं. मला वाटलं, मी ह्याला मारणार. पार सोडून दिलं बघा सगळं."

हंबीररावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने राजवीरने डोळे पुसले, टोपी घातली आणि आला तसा निघून गेला.

हंबीरराव दार लावून वळले, तर शालूबाई पडदा बाजूला सारून उभ्या होत्या. "च्या तरी द्यायचा व्हता त्याला," त्या म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

इतक्या वर्षांत शालूबाईंनी त्या पोराचा एवढाही उल्लेख केला नव्हता.

त्यानंतरच्या आठवड्यात एका वाहिनीवर चर्चा रंगली. कोट घातलेला एक जाणकार म्हणाला की गावोगावच्या असल्या क्लासमध्ये सगळं ठरवून होतं. मास्तर सांगतो आज तू पड, ते पोर पडतं, आणि मास्तर फी घेऊन पट्टा बांधतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षाराणी पुन्हा गल्लीत आली. या वेळी तिच्याबरोबर आणखी दोघं-तिघं माइकवाले होते. शेजारीपाजारी गॅलरीत जमले. हंबीरराव दूध घेऊन येत होते, त्यांना तिने दारातच गाठलं.

"सर, आता तर तुमच्यावरच आरोप आहे. लोक म्हणतात राजवीरची ती परीक्षा म्हणजे नुरा होती. समोरच्या मुलाला पडायला सांगितलं होतं. खरं आहे का?"

हंबीररावांनी दुधाची पिशवी खाली ठेवली.

तेवढ्यात मागं दार उघडलं. शालूबाई बाहेर आल्या. हात पिठाने माखलेले, पदर खोचलेला. त्यांनी हंबीररावांना बाजूला केलं आणि वर्षाराणीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणलीस? पुन्यांदा म्हण."

"मावशी, मी नाही, लोक म्हणतात, नुरा..."

"नुरा?" शालूबाईंचा आवाज चढला तसा गल्लीतला सगळा गलका थांबला. "कोण म्हणतंय नुरा? त्याला आण हितं. माझं पोरगं व्हतं समोर. अमरसिंह हंबीरराव पोवार. ते काय पड म्हटल्यावर पडणारं पोरगं न्हवतं. जल्मात कुणाला सैल सोडलं न्हाय त्यानं. त्या राजवीरनं त्याला पाडला, बरोबरीनं लढून पाडला. त्याच रात्री लाथ डोक्याला लागून माझं पोरगं गेलं. कळलं का? गेलं! आता तुमी म्हणतासा, खोटं खोटं खेळत व्हती. मग माझा अमर खोट्या खेळात मेला काय? पट्टा खरा हाय त्याचा. माझ्या लेकाच्या जिवाइतका खरा हाय. लिवून घे, आणि जा."

वर्षाराणीचा माइक खाली गेला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या, पण मागचे कॅमेरे चालूच होते. शालूबाई वळल्या, आत गेल्या आणि राहिलेल्या कणकेशी बसल्या. हंबीरराव त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "अमर" हे नाव घरात पुन्हा आलं होतं आणि त्या नावाने घर भरून गेलं होतं.

हंबीररावांना वाटलं, संपलं. आता निदान त्या पोराची सुटका होईल.

वर्षाराणीने सगळं बोलणं जसंच्या तसं दाखवलं. पण ते कोण बघणार? दुसऱ्यांनी त्यातलं मधलं उचललं. "राजवीरनं त्याला पाडला... लाथ डोक्याला लागून माझं पोरगं गेलं," एवढंच, मागं रडकं संगीत लावून. संध्याकाळपर्यंत बोगस हिरो खुनी हिरो झाला. काल जे त्याला पाय उचलता येत नाही म्हणून हसले, त्यांनीच आज त्याच पायाला फाशी मागितली. इतकी वर्षं का लपवलं, तोंड बंद ठेवायला पोवारांना किती दिले, असलेही सवाल निघाले. पट्टा खरा की खोटा, हे आता कुणालाच विचारायचं नव्हतं.

राजवीरने एकदाच तोंड उघडलं. त्याने लिहिलं, "काकू बोलल्या ते सगळं खरं आहे. अमरदादा माझ्या लाथेने गेला. यापुढे मला काही सांगायचं नाही." मग तो दिसेनासा झाला. मुंबईतलं घर बंद आहे, जयसिंगपूरला आईकडेही तो नाही, असं तात्यासोंनी कुठून तरी ऐकून सांगितलं.

आणि मग मिरजकर तिकटीला तो फलक लागला. तात्यासोच धापा टाकत सांगायला आले. "मास्तर, तुमच्या पोराचा फोटो लावलाय वो. एवढा मोठा."

हंबीररावांना एकट्यानेच जायचं होतं, पण शालूबाई चपला घालून तयार होत्या. दोघं चालत गेली. चौकात दोन मजली उंच फलक. अमरचा कॉलेजातला फोटो कुठून तरी मिळवून फुगवलेला. गाल ताणलेले, डोळे धुरकट. वर लिहिलेलं, 'कोल्हापूरच्या वाघाला न्याय मिळालाच पाहिजे.' आणि खाली ओळीने हसऱ्या तोंडांचे गोल फोटो. कुठल्या मंडळाचे, कुठल्या पक्षाचे, येत्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतले.

शालूबाई मान वर करून बघत राहिल्या. पोराचा चेहरा इतक्या वर्षांत त्यांनी असा उघड्यावर पाहिला नव्हता. फोटो ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलेले.

फलकाखाली मांडव टाकून काही कार्यकर्ते बसले होते. त्यांतला मोठा, यशराज नावाचा, लगबगीने पुढं आला आणि पाया पडला. "या मावशी, बसा. तुमच्यासाठीच लढतोय आम्ही."

"ते खाली घ्या," शालूबाई म्हणाल्या.

"आं?"

"माझ्या पोराचा फोटो खाली घ्या. आमी कुणाला न्याय मागितला न्हाय."

"मावशी, तुम्ही दुःखात हाय. हे आता तुमच्या एकटीचं राहिलं नाही. अख्ख्या कोल्हापूरचा प्रश्न हाय."

"अमर अख्ख्या कोल्हापूरचा न्हवता," हंबीरराव म्हणाले. "आमचा व्हता."

यशराजने मान डोलावली, बघतो म्हणाला, दोघांना चहा मागवला. चहा न घेता ती परतली. फलक उतरला तो सणाच्या शुभेच्छांचा दुसरा तिथं चढवायचा होता म्हणून. त्याच दोरीने, त्याच चौकटीवर. तोपर्यंत लोकांना रागवायला दुसरं कुणीतरी मिळालं होतं.

फलक बघून आलेल्या त्या दिवशी घरी पोचल्यावर शालूबाई पाणीसुद्धा न पिता माजघरात बसल्या. उतरतं ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं. हंबीरराव त्यांच्यासमोर बसले.

"चुकलं काय वो माझं?" शालूबाईंनी विचारलं. "मी त्याला सोडवायला गेलते. त्याचं वाटुळं केलं मी."

"तू खरं बोललीस. खरं ऐकायची लोकांची ऐपत न्हाय, त्याला तू काय करणार?"

"त्याची आई हाय न्हवं अजून?"

"हाय. जयसिंगपूरलाच."

"तिच्याकडं जाऊन येऊ," शालूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी दार लावलं, तवा ती बाई उन्हात उभी व्हती. मला आत दिसत व्हतं फटीतनं."

हंबीररावांनी मान डोलावली. गल्लीतून सायकलवर पाववाला ओरडत गेला. तो पार लांब गेल्यावर शालूबाई म्हणाल्या, "मला सांगा आता."

"काय?"

"ती लढत. तुमी बघितली, त्या पोरांनी बघितली, मी न्हाय बघितली. माझ्या पोराची शेवटची लढत, आणि मला कुणी सांगितलीच न्हाय."

"तूच म्हणाली व्हतीस, बोलायचं न्हाय."

"म्हणले व्हते. आता म्हणते, सांगा."

हंबीररावांनी सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, मग हात वर-खाली करत, क्लासात पोरांना सांगायचे तसं. अमर कसा डावीकडून घुसला, राजवीरला भिंतीपर्यंत कसा नेला, पोरं कशी ओरडत होती. ती लाथ कशी आली, हेही त्यांनी लपवलं नाही. शालूबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

"आणि उठल्यावर?"

"उठल्यावर हसला. राजवीर घाबरला व्हता, त्याला म्हणाला, 'लई दिसांनी कुणीतरी मला आडवा केला गड्या, बरं वाटलं.' मग माझ्याकडं बघून म्हणाला, 'आबा, बांधा की पट्टा लवकर, भूक लागलीया.'"

शालूबाईंच्या तोंडून हसू फुटलं आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. "भूक लागलीया म्हणाला व्हय! घरी आला आणि जेवलाच न्हाय. म्हटलं, का रं? तर म्हणाला, 'डोकं लई दुखतंय आई, भाकरी झाकून ठेव, सकाळी खातो.' माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला व्हता, एवढा मोठा घोडा. मला सांगत व्हता, राज्या आज लई भारी लढला. मी म्हटलं, तुला पाडलं आणि तू त्याचंच कौतुक करतोस? तर म्हणाला, 'पाडलं म्हणूनच की.'"

हंबीररावांना हे ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी ते परीक्षेच्या चटया आवरत शाळेतच थांबले होते, घरी आले तेव्हा पोरगं झोपलेलं होतं. त्या दिवसाची दुपार त्यांच्याकडे होती आणि संध्याकाळ हिच्याकडे, आणि इतकी वर्षं दोघांनी आपापला अर्धा दिवस एकमेकांपासून दडवून जपला होता.

"आणखी काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

शालूबाईंनी पदराने नाक पुसलं, आणि त्या आठवून आठवून सांगू लागल्या.